शुद्ध, प्रमाण आणि गप्प

शाळा आपल्याला काय शिकवते, असे कोणाला विचारले तर वाचायला, लिहायला आणि हिशेब करायला, असे उत्तर मिळेल. 'बोलायला शिकवते' असे सहसा कोणी म्हणणार नाही. बोलणे तर मूल घरूनच शिकून येते, मग ते शाळेने वेगळे कशाला शिकवायचे? मला मात्र नेमके या बोलण्याविषयीच चार शब्द लिहायचे आहेत. शाळेत जाताना भरभरून बोलणारे मूल शाळेतून बाहेर पडेपर्यंत गप्प का होते, हा या लेखाचा विषय आहे. मी काही भाषाशास्त्राचा पंडित नव्हे. द्वितीय वर्ष कलेचा विद्यार्थी आहे आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच आहे. तेव्हा जे पाहिले आणि त्यावरून जे वाटले, तेवढेच मांडतो.

आमच्या घरी अहिराणी बोलतात. धुळे जिल्हा, नंदुरबार आणि जळगावचा काही भाग, आणि नाशिककडचे बागलाण, मालेगाव, कळवण या पट्ट्यात ही बोली चालते. 'मला' याला आम्ही 'माले' म्हणतो, 'माझा' याला 'मना', आणि 'आहे' याला 'शे'. 'भूक लागली' नव्हे, 'भूक लागनी'. 'काय करतो आहेस?' नव्हे, 'काय करी राहिना?' आमच्याकडे 'ळ' चा 'य' होतो, म्हणून डोळा तो डोया आणि काळा तो काया. 'ण' चा 'न' होतो, म्हणून पाणी ते पानी. यात गबाळेपणा नाही, नियम आहे. गावातले कोणतेही पोर हा नियम चुकत नाही. जॉर्ज ग्रियर्सन यांनी केलेल्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या १९०७ साली निघालेल्या खंडात तर खानदेशी ही मराठीपासून निराळी काढून भिल्ल बोलींच्या शेजारी मांडली आहे. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद पंडितांनी करावा. पण तिला स्वतःचे व्याकरण आहे, एवढे तर कोणीही मान्य करील.

असे घरचे व्याकरण पक्के झालेले सहा वर्षांचे पोर पहिलीच्या वर्गात जाऊन बसते. गुरुजी नाव विचारतात. ते म्हणते, "मना नाव..." आणि पुढचे नाव ऐकू येण्याआधीच वर्ग हसतो. गुरुजी सांगतात, "मना नाही, माझे म्हण. शुद्ध बोल." गुरुजींचा हेतू चांगलाच असतो, याबद्दल मला शंका नाही. पुढे परीक्षा द्यायची, अर्ज लिहायचे, नोकरीसाठी मुलाखतीला जायचे, तर प्रमाण मराठी आलीच पाहिजे. पण 'शुद्ध' या एका शब्दाने जे होते त्याचा आपण विचार केलेला नाही. शुद्ध म्हणजे स्वच्छ आणि अशुद्ध म्हणजे विटाळलेले, हा अर्थ लहान पोरालाही कळतो. 'माझा शब्द निराळा आहे' असे त्याला वाटत नाही. 'माझी माय चुकीचे बोलते' असे वाटते. आणि ज्याला आपल्या मायचे बोलणे चुकीचे वाटू लागले, त्याने तोंड उघडायचे तरी कशाच्या जोरावर?

मग ते एक सोपी युक्ती शिकते. कमीत कमी बोलायचे! आपल्या शाळांमध्ये विद्यार्थी वर्गात काय काय बोलतात ते आठवून पाहावे. हजेरीला 'हजर सर'. दारात उभे राहून 'मे आय कम इन सर?' (मराठी शाळेतल्या सगळ्या मुलांना बिनचूक येणारे इंग्रजी वाक्य बहुधा हे एकच). वही दाखवताना 'झाले सर'. बाकी 'हो सर' आणि 'नाही सर'. या पाच वाक्यांवर बारावीपर्यंतचे शिक्षण निभावून नेता येते. त्यातही 'हो सर' चे महत्त्व फार. धडा संपला की सर विचारतात, "समजले का?" आणि सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. ज्याला समजले तोही म्हणतो आणि ज्याला ओळसुद्धा समजली नाही तोही म्हणतो. कारण 'नाही' म्हटले तर 'काय समजले नाही?' असा पुढचा प्रश्न येणार, आणि त्याचे उत्तर पूर्ण वाक्यात, शुद्ध मराठीत द्यावे लागणार. त्यापेक्षा न समजलेले बरे!

अशा मुलांविषयी पुष्कळदा म्हटले जाते की, घरी शिक्षणाचे वातावरण नाही, म्हणून यांना बोलता येत नाही. याच संदर्भात आमच्या सरांनी वर्गात सांगितलेला एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबाव यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णी मुलांच्या बोलीचा अभ्यास केला होता. त्या मुलांना भाषाच कमी येते, असे तेथील काही शिक्षणतज्ज्ञ म्हणत. लबाव यांनी १९६९ साली एका निबंधात आठ वर्षांच्या एका मुलाची हकिगत दिली आहे. मुलाखत घेणारा त्याच वस्तीतला माणूस होता, तरी तो मुलगा एकेका शब्दात उत्तर देई, नाहीतर नुसती मान हलवी. पुढच्या वेळी मुलाखत घेणाऱ्याने बटाट्याच्या वेफर्सचे पाकीट आणले, त्या मुलाच्या जिवलग मित्राला सोबत बोलावले आणि स्वतः खाली जमिनीवर बसला. शब्दांचे सोवळेही सोडले. तोच मुलगा आता थांबेना! दोघे मित्र एकमेकांचे वाक्य तोडून बोलू लागले. मुलगा तोच आणि भाषाही तीच. बदलली होती ती बैठक. मूल किती बोलते हे त्याच्या अकलेपेक्षा समोरच्या प्रसंगावर अवलंबून असते, असा निष्कर्ष लबाव यांनी काढला. हार्लेम आणि खानदेश यांत हजारो मैलांचे अंतर आहे. पण मधल्या सुट्टीत पिंपळाखाली गलका करणारी आमची पोरे घंटा झाल्यावर एकदम मुकी होतात, ते पाहिले की मला ते अंतर फारसे वाटत नाही.

आता शुद्धतेकडे वळू. मराठी साहित्य महामंडळाने केलेले लेखनाचे १४ नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले. १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली आणि एकूण १८ झाले. अनुस्वार कोठे द्यावा, ऱ्हस्व कोठे आणि दीर्घ कोठे, असे हे नियम आहेत. म्हणजे ते लेखनाचे आहेत. पोराने आपल्या मायशी कसे बोलावे, याविषयी त्यांत काही नाही. आणखी एक गोष्ट. जुनी पुस्तके उघडली तर त्यांत 'नांव', 'घरांत', 'कांहीं' असे भरपूर अनुस्वार दिसतात. त्या काळी असे न लिहिणारा अशुद्ध ठरे. आज असे लिहिणारा अशुद्ध ठरतो. शुद्धता ही सूर्यचंद्रासारखी अढळ असती तर एका पिढीत अशी उलटली असती काय? सर्वांच्या सोयीसाठी ठरवून घेतलेली ती एक रीत आहे. रस्त्याने डावीकडून चालावे, तसे. डावीकडून चालणे सोयीचे आहे, पण म्हणून उजवी बाजू अपवित्र होत नाही. यासाठी मला 'प्रमाण' हा शब्द बरा वाटतो. प्रमाण म्हणजे ठरवलेले माप. त्यात कोणाचा अपमान नाही.

शुद्धतेचा उपयोग माणसाला गप्प करण्यासाठीही होतो, याचा दाखला आपल्या इतिहासात आहे. महात्मा फुले यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ सालचे. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. तीत शास्त्रीबुवांनी जोतीरावांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या व्याकरणाचीही टर उडवली. शास्त्रीबुवांचे गद्य जोरदार होते, हे आम्ही पाठ्यक्रमात शिकतोच. पण जोतीरावांनी विचारलेले प्रश्न व्याकरणाचे नव्हते. शेतात राबणाऱ्याला विद्या का मिळाली नाही, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर ऱ्हस्वदीर्घात नाही. हीच सवय आजही टिकून आहे. मोबाइलवरच्या आपल्या वर्गाच्या गटात पाहावे. एखादा मित्र वसतिगृहाच्या पाण्याबद्दल किंवा शिष्यवृत्तीबद्दल पोटतिडकीने चार ओळी लिहितो, आणि पहिला प्रतिसाद येतो, "आधी 'विद्यार्थी' नीट लिही." मुद्दा बाजूला राहतो आणि वेलांटी पुढे येते. त्यानंतर तो मित्र नुसते अंगठे पाठवतो.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर आणखी एक निरीक्षण सांगतो. माझी माय शाळेत गेलेली नाही. तिला टंकता येत नाही, म्हणून ती आवाजी निरोप पाठवते. तीन तीन मिनिटांच्या त्या निरोपात कपाशीचा भाव, शेजारच्या सुनेचे भांडण, म्हशीचे दुखणे आणि मला दोन टोमणे, असे सगळे ओळीने येते. कोठे अडखळत नाही की शब्द शोधत नाही. मी चौदाव्या वर्षाला शिक्षण घेतो आहे आणि माझे उत्तर असते, "हा माय. बरं." माझ्या मित्रांचेही असेच. 'काय करतो?' 'काही नाही.' 'जेवला का?' 'हो.' न शिकलेली माणसे बोलतात आणि शिकलेली हुंकार देतात, याला काय म्हणावे?

पण मायचे हे बोलणे आणि आबांचे बोलणे गावाच्या शिवेपर्यंतच चालते, ही खरी अडचण आहे. सातबाऱ्यावरच्या एका नोंदीसाठी मी आबांबरोबर एका कचेरीत गेलो होतो. शेताचा तो सगळा इतिहास, आजोबांपासूनच्या वाटण्यांसकट, आबा चावडीवर तास तासभर सांगतात. खिडकीपाशी मात्र ते मागे सरकले आणि मला म्हणाले, "तू बोल भाऊ, तू शिकेल शे." मला त्या शेतातले निम्मेही माहीत नव्हते. ज्याला माहीत आहे त्याला बोलण्याची भीती, आणि ज्याला बोलता येते त्याला माहिती नाही. अशाने नोंद कशी दुरुस्त व्हायची? म्हणून म्हणतो, गप्प बसण्याची किंमत गुणपत्रिकेतच द्यावी लागते असे नाही. ती जमिनीत, दवाखान्यात, बँकेत सगळीकडे द्यावी लागते.

कोणी म्हणेल, मग प्रत्येकाने आपापल्या बोलीतच लिहावे काय? तसे मी म्हणत नाही. धुळ्याचा अर्ज सिंधुदुर्गात वाचता यायचा असेल तर एक समान मराठी हवीच. हा लेखही मी त्याच मराठीत लिहीत आहे, आणि ती मला शिकवणाऱ्या गुरुजनांचे उपकार मानतो. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी बोलणे मोकळे व्हावे, मग लिहिणे प्रमाण व्हावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून किंवा मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. आपल्या वर्गात सातपुड्यातून आलेले मित्र आहेत. त्यांच्या घरी पावरी किंवा भिली बोलतात. आम्हाला निदान 'माले' चे 'मला' करायचे होते. त्यांना तर सगळीच भाषा नव्याने शिकावी लागली. त्यांच्या गप्प बसण्याला आपण 'लाजाळू स्वभाव' म्हणतो!

उपाय फार खर्चाचे नाहीत. प्राथमिक शाळेच्या फळ्यावर दोन रकाने करता येतील, एक 'घरचा शब्द' आणि दुसरा 'पुस्तकातला शब्द'. डोया, डोळा. पानी, पाणी. दोन्ही लिहायचे, कोणतेच खोडायचे नाही. 'समजले का?' याऐवजी 'काय समजले ते तुझ्या शब्दांत सांग' असे विचारता येईल. कॉलेजात चर्चासत्राला उभे राहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली पाच मिनिटे हव्या त्या बोलीत मुद्दा मांडू द्यावा. आणि आपण विद्यार्थ्यांनी एवढेच करावे की, कोणी 'मना' म्हटले तर हसू नये.

हे आपल्या विद्यापीठात तरी अवघड वाटू नये. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. बहिणाबाई (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या आपल्या लेवा बोलीत ओव्या रचत. त्या उतरवून घेतल्या गेल्या, आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला. त्या वेळी कोणी त्यांचा 'य' खोडून 'ळ' केला असता तर आपण काय गमावले असते, याचा विचार करावा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आपण सर्वांनी आनंद केला. त्या आनंदात बोलींचाही वाटा असावा.

माझी ही मते कच्ची असतील, काही ठिकाणी एकांगीही असतील. गुरुजनांनी आणि मित्रांनी ती खोडून काढावीत. फक्त मनात ठेवू नयेत. भेटल्यावर तोंडावर सांगावीत, ज्या बोलीत सुचतील त्या बोलीत.