दारू सोडणं आणि क्लोज्ड लूप

थर्ड इयरला कंट्रोल सिस्टिम्सच्या पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "घरातलं क्लोज्ड लूपचं उदाहरण सांगा." उत्तर होतं, टाकीतला बॉलकॉक! पाणी वर आलं की तो आपोआप नळ बंद करतो. बॉलकॉक नसेल तर आपण मोटार चालू करून विसरतो आणि पाणी रस्त्यावर. जालन्यात राहणाऱ्याला हे पाप वेगळं समजावून सांगायला नको!

हाच नियम दारूला लावून बघू. आमच्या परतूरकडे कुणी दारू सोडायची म्हटली की देवासमोर शपथ घेतो, मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो. माझ्या काकांनी तीनदा घेतली, तिन्ही वेळा अगदी मनापासून. पण शपथ म्हणजे ओपन लूप. एकदा आज्ञा दिली, पुढे काय झालं ते मोजणारं कुणी नाही. याउलट तुळशीची माळ घालून सोडलेले लोक बघा. ज्यांची सुटलेली टिकते त्यांच्यामागे नुसती माळ नसते. एकादशी असते, भजनी मंडळ असतं, आणि दोन दिवस दिसले नाहीत तर "काय हो, कुठं होता?" म्हणून दारात येणारं कुणीतरी असतं. हाच फीडबॅक!

एक फोन, १९३५

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे एए ही संघटना याच तत्त्वावर उभी आहे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा अमेरिकन शेअर ब्रोकर कामासाठी ॲक्रन शहरात गेला होता. त्याला दारू सोडून काही महिनेच झाले होते. सौदा फिसकटला. हॉटेलात एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने चर्चवाल्यांना फोन करून आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधून काढला. ते होते डॉ. बॉब स्मिथ. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला, आणि तोच एएचा स्थापना दिवस. म्हणजे ग्रुप शोधण्याची धडपड पहिल्या मेंबरलाही चुकली नव्हती.

आपल्याकडे पुण्याचं मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं. डॉ. अनिता (सुनंदा) आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली. तिथेही उपचार संपले की काम संपत नाही. पुढचा फॉलोअप महत्त्वाचा मानतात.

आधी डॉक्टर

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करणं धोक्याचं असतं. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो. काहींना फिट येते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवायचं, मग ग्रुप.

मीटिंगमध्ये काय होतं?

काका यायला तयार नव्हते. म्हणून मी आणि काकूच छत्रपती संभाजीनगरला एका ओपन मीटिंगला गेलो. ओपन म्हणजे घरच्यांनाही चालते. क्लोज्ड मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी. कॉन्व्हेंटमुळे "ॲनॉनिमस" हा शब्द मला पाठ होता, पण "अनामिक" म्हणजे किती मोठी सोय असते ते तिथे कळलं. आडनाव नाही, जात नाही, फी नाही. खर्चासाठी मेंबरच आपसात पैसे गोळा करतात. एकेक जण उठून स्वतःचं सांगतो, बाकीचे ऐकतात. कुणी मधे बोलत नाही, उपदेश करत नाही. सहा वर्षं न प्यायलेले एक काका म्हणाले, "माझी फक्त आजची सुट्टी आहे." मेंबर होण्याची अट एकच, दारू सोडायची इच्छा!

येताना बसमध्ये काकू बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय." घरच्यांसाठी १९५१ पासून ॲल-ॲनॉन हा वेगळा ग्रुप का आहे, ते मला तेव्हा समजलं. पिणारा आला नाही तरी आपण जावं.

मग हमखास सुटते का?

नाही. २०२० च्या कोक्रेन रिव्ह्यूमध्ये २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती तपासली. एएकडे पद्धतशीरपणे वळवणाऱ्या उपचारांत वर्षानंतर साधारण ४२ टक्के लोक पूर्ण दारूमुक्त होते, इतर उपचारांत ३५ टक्के. म्हणजे जादू नाही, पण फरक आहे, आणि तोही फुकटात! घसरलेल्याला पुन्हा खुर्ची मिळते. कारण क्लोज्ड लूपमध्ये एरर आली म्हणून सिस्टिम फेकून देत नाहीत, करेक्शन देतात.

काका महिन्याभराने डॉक्टरांकडे आले, नंतर मीटिंगला. आज पाच महिने झाले. पुढची गॅरंटी कुणी देत नाही, काका स्वतःही देत नाहीत. रविवारी सकाळची बस मात्र चुकवत नाहीत.

शोधायचं कसं?

नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मन फारच खचलं असेल तर टेलि-मानस १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. दोन्ही फुकट. जवळच्या मीटिंगचा वार आणि वेळ एएच्या भारतातल्या ऑफिसकडून कळते. आधी फोन करून खात्री करा, मगच बस पकडा. होस्टेलवर एखादा रूममेट "मी कधीही सोडू शकतो" असं वारंवार म्हणत असेल, तर लेक्चर देऊ नका. हे नंबर द्या, आणि पहिल्या मीटिंगला त्याच्यासोबत जा.