पोहणे शिका, मुलांनाही शिकवा

पोळ्याचा दिवस होता. बैल धुवायला आम्ही पाच-सहा पोरे चिचगडजवळच्या एका तलावावर गेलो होतो. मी तेव्हा सहावीत होतो. बैलाचा कासरा धरून पुढे गेलेल्या माझ्या वर्गमित्राचा पाय खोलात गेला आणि तो दिसेनासा झाला. मी पाळीवर नुसता उभा राहिलो, कारण मला पोहता येत नव्हते. मोठी माणसे धावत आली, त्याला बाहेर काढले. पण पालथे घालून पोट दाबण्यातच वेळ गेला. तोंडाने श्वास द्यायचा असतो हे तेथे कोणालाच ठाऊक नव्हते. तो वाचला नाही. पुढे मी डॉक्टर झालो, आणि चाळिशी उलटल्यावर, लोक हसत असताना, कमरेला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलो.

आपला गोंदिया जिल्हा तलावांचा. मालगुजारी तलाव, बोड्या, शेततळी, शिवाय नवेगावबांध, इटियाडोह आणि देवरीजवळचे सिरपूर धरण. एवढे पाणी असूनही आपल्याकडील कितीतरी मुलांना पोहता येत नाही. मुलींना तर बहुधा कोणी शिकवतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांतील जवळपास चौथा हिस्सा ५ वर्षांखालील मुलांचा होता. ६ वर्षांपुढील मुलांना पोहणे व पाण्यातील सुरक्षितता शिकवावी, असे हीच संघटना सांगते.

आता शिकायचे कसे ते पाहू. पोहणारा जाणकार माणूस हाताच्या अंतरावर हवाच. पाणी शिकणाऱ्याच्या कमरेपासून छातीपर्यंत असावे आणि तळ माहितीचा असावा. गाळ, शिंगाड्याचे वेल किंवा मुरूम काढल्याचे खड्डे असलेली जागा टाळावी.

पहिला धडा श्वासाचा. तोंडाने श्वास घ्या, चेहरा पाण्यात घाला आणि नाका-तोंडाने बुडबुडे सोडा. हे रोज २०-२५ वेळा करा. भीती निम्मी येथेच जाते.

दुसरा धडा तरंगण्याचा. छातीत हवा भरलेली असली की शरीर सहसा वर राहते. धडपड केली, डोके उंच काढले, की पाय खाली जातात. उताणे होऊन कान पाण्यात बुडू द्या, पोट वर उचला, हात पसरा. दमल्यावर हेच तरंगणे जीव वाचवते. म्हणून हात मारण्याआधी ते पक्के करा.

तिसरा धडा पायांचा. काठ धरून पालथे व्हा आणि पाय मांडीपासून हलवा. गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे पाय मारले तर दम लागतो, पुढे मात्र जाता येत नाही.

चौथा धडा हातांचा. फ्रीस्टाइलमध्ये एकेक हात पुढे टाकून पाणी मांडीपर्यंत मागे ढकलायचे आणि श्वासासाठी डोके वर न उचलता बाजूला वळवायचे. बॅकस्ट्रोक म्हणजे हेच उताणे होऊन. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हातपाय बेडकासारखे चालतात. हात ओढा, श्वास घ्या, पाय मारा, मग क्षणभर सरळ तरंगत पुढे जा. चौथा प्रकार बटरफ्लाय. त्याला ताकद फार लागते, तो नंतर शिकावा.

पोहण्याने हृदय व फुप्फुसांना व्यायाम होतो आणि गुडघ्यांवर भार पडत नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले. वय आणि अडचण हे निमित्त कसे ठरते, ते यावरून समजावे.

मिरगीच्या रुग्णांनी एकट्याने कधीही पाण्यात उतरू नये. हृदयविकार असणाऱ्यांनी आणि कानाचा पडदा फाटलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. दारू पिऊन तर कोणीच उतरू नये.

कोणी बुडत असेल तर भावनेच्या भरात उडी घालू नका; बुडणारा वाचवणाऱ्यालाही कवटाळतो. आरडाओरडा करून माणसे जमवा. दोर, बांबू, दुपट्टा, रिकामा डबा, जे हाती येईल ते त्याच्याकडे फेका. बाहेर काढल्यावर १०८ ला फोन करायला एकाला सांगा. श्वास नसेल तर उताणे ठेवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने ५ श्वास द्या. हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवा. दाब मिनिटाला १०० ते १२० या गतीने द्यावेत. पोट दाबू नका, उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात.

पालकहो, "पाण्याकडे जाऊ नको" एवढे सांगून आपले काम संपत नाही. तलाव गावातच आहे, पोरे जाणारच. येत्या उन्हाळ्यात सकाळचा अर्धा तास काढा, मुलाला आणि मुलीलाही घेऊन उतरा. तुम्हाला येत नसेल तर सोबतच शिका. पोळ्याला मी आजही पाळीवर जातो. आता मात्र नुसता उभा राहत नाही.