बाहुल्यांचा खेळ

बाहुल्यांचा खेळ तुम्ही पाहिला आहे का? कोल्हापूरहून घाट उतरून कुडाळला जावे. जवळच पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर लोक कळसूत्री बाहुल्या नाचवतात. सूत्र म्हणजे दोरा. दोरा ओढला की लाकडी बाहुलीचा हात उठतो. सैल सोडला की खाली येतो. रामायणातली गोष्ट अशी डोळ्यांपुढे उभी राहते.

जपान देशातही असा खेळ आहे. त्याला बुनराकू म्हणतात. तिथे दोरे नसतात. एकेक मोठी बाहुली तिघे मिळून हलवतात. एकाकडे डोके आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. शिकणारा आधी पायच धरतो. त्यातच कितीतरी वर्षे जातात! तिघे लोकांसमोरच उभे असतात. तरी थोड्या वेळाने आपली नजर बाहुलीवरच खिळते. बाजूला बसलेला गायक सगळ्या बाहुल्यांचे बोलणे एकटाच बोलतो.

पिंगुळीत मात्र ही कला मोडायला आली होती. पोट भरेना, मग पोरे शिकणार कशी? परशुराम गंगावणे यांनी ती सोडली नाही. घरच्या गुरांच्या गोठ्यात त्यांनी बाहुल्यांचे संग्रहालय मांडले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.