उन्हातला वारा

वैशाखाचे दिवस आले, की विदर्भातील रस्ते दुपारी ओस पडू लागतात. मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि तेथून पुढचे नऊ दिवस लोक 'नवतपा' म्हणून ओळखतात. गुरे कडुनिंबाखाली डोळे मिटून उभी असतात. दुकानांची दारे अर्धी लोटलेली असतात. अशा वेळी वर्ध्याहून नागपुरास जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तुम्ही उभे राहिलात, तर एखादी मोटारसायकल दुरून येताना दिसते. प्रथम ती मृगजळावर तरंगत असल्यासारखी वाटते, मग तिचा आवाज ऐकू येतो, आणि ती जवळून निघून गेली म्हणजे अंगावर गरम वाऱ्याचा लोट येतो. स्वाराच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा असतो. डोके उघडे असते. त्याला थांबवून विचारले, तर तो बहुधा म्हणेल, "गाडी चालती ठेवली की वारा लागतो. मग ऊन जाणवत नाही."

फाल्गुनात हे म्हणणे खरे असते. वैशाखात मात्र ते खरे राहत नाही. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी आपणांस प्रथम उष्णतामापकाकडे वळावे लागेल.

नागपूर येथे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता. हा आकडा उन्हातला नव्हे, सावलीतला आहे. वेधशाळेतील उष्णतामापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवलेला असतो. त्याला ऊन लागत नाही, हवा मात्र लागते. मोटारसायकलस्वाराच्या नशिबी ती पेटी नाही. त्याच्या माथ्यावर सूर्य असतो आणि पायांखाली डांबर असते. भर दुपारी डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर तापतो, आणि त्याची धग खालून सतत येत राहते. तेव्हा वर्तमानपत्रात ४५ अंश छापून आले, तर स्वाराच्या वाट्यास त्याहून पुष्कळच अधिक उष्णता येते, असे समजावे.

आता वाऱ्याचा विचार करू. आपल्या शरीराच्या आतील उष्णतामान सुमारे ३७ अंश असते. त्वचेचे त्याहून थोडे कमी, म्हणजे ३४ ते ३५ अंशांच्या आसपास असते. उष्णता नेहमी अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. हवा २५ अंशांची असेल, तर ती त्वचेची उष्णता घेऊन जाते, आणि वारा जितका जोराचा तितकी ती अधिक वेगाने नेते. परंतु हवाच ४५ अंशांची असेल तर? मग व्यवहार उलटा होतो. हवा शरीरास उष्णता देऊ लागते, आणि वारा जितका जोराचा तितकी ती अधिक वेगाने देते. पंखा हवा थंड करीत नाही, ती केवळ हलवितो, ही साधी गोष्ट आपण विसरतो.

ही गोष्ट प्रयोगाने पडताळून पाहिली गेली, त्याला अडीचशे वर्षे होऊन गेली. १७७४ साली लंडनमध्ये डॉक्टर चार्ल्स ब्लॅग्डेन व त्यांचे काही मित्र मुद्दाम तापविलेल्या एका खोलीत शिरले. हवा अतिशय कोरडी होती आणि तिचे उष्णतामान सुमारे १२७ अंशांपर्यंत, म्हणजे पाणी उकळते त्याहूनही वर, नेलेले होते. माणसे तेथे काही मिनिटे राहिली आणि सुखरूप बाहेर आली! त्याच खोलीत ठेवलेली अंडी मात्र २० मिनिटांत घट्ट शिजली. मांसाचा एक तुकडा ३३ मिनिटांत गरजेपेक्षा जास्त शिजला. नंतर त्यांनी तसाच दुसरा तुकडा ठेवून त्यावर भात्याने वारा घातला. तो अवघ्या १३ मिनिटांत चांगला शिजला. या वेळी हवेला गती दिली होती. वर्धा रस्त्यावरील आपला स्वार या भात्यासमोरच बसलेला आहे, आणि भाता चालविण्यासाठी पेट्रोलही तो स्वतःच्या खर्चाने जाळीत आहे.

गमतीची गोष्ट अशी, की हाच वारा त्याच्या यंत्रास उपकारक ठरतो. बऱ्याच मोटारसायकलींच्या इंजिनाभोवती धातूच्या पातळ पट्ट्यांचे थर दिसतात. मिस्त्री लोक त्यांना 'फिन' म्हणतात. इंजिनाची उष्णता या पट्ट्यांत पसरते आणि समोरून येणारा वारा ती घेऊन जातो. चालू इंजिनाचा माथा दीडशे अंशांच्याही वर तापलेला असतो, हे लक्षात घ्या. पौषातील १५ अंशांची हवा आणि हे इंजिन यांत १३५ अंशांचे अंतर असते. वैशाखातील ४५ अंशांच्या हवेशी ते १०५ अंशांचे राहते. इंजिनाचा तोटा होतो, पण फारसा नाही. त्याच्या दृष्टीने ही हवादेखील गारच आहे. माणसाचे तसे नाही. पौषात त्याची त्वचा हवेहून २० अंशांनी उष्ण असते, तर वैशाखात ती १० अंशांनी थंड असते. यंत्र आणि स्वार एकाच वाऱ्यातून जात असतात. एक निवत असते, दुसरा तापत असतो. गाडी सुरळीत चालली आहे, एवढ्यावरून आपलेही ठीक चालले आहे असे समजणारा माणूस येथेच फसतो.

मग ब्लॅग्डेन आणि त्यांचे मित्र त्या खोलीतून सुखरूप बाहेर कसे आले? त्यांना घाम येत होता, हे त्याचे उत्तर. अंगावरील एक लिटर घाम वाळून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर नेतो. जवळजवळ आठ लिटर साधे पाणी उकळीपर्यंत तापविण्यास एवढी उष्णता लागेल. हवा त्वचेहून अधिक तापली, की शरीराजवळ निवण्याचा हा एकच मार्ग उरतो. पूर्वी मालमोटारींच्या पुढे किंवा बाजूस जाड कापडाची पाण्याने भरलेली पिशवी लोंबत असे; तिला छागल म्हणतात. कापडातून पाणी झिरपते, गरम वाऱ्याने ते वाळते, आणि आतील पाणी गार होते. छागल जोवर ओली आहे तोवरच हे घडते. रिकामी, कोरडी छागल त्याच वाऱ्यात तापून निघते.

माणसाची गोष्ट काही वेगळी नाही. उन्हात त्याच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. रत्नागिरीच्या मनुष्यास हे लगेच कळते. तेथील हवा दमट, घाम वाळत नाही, सदरा पाठीस चिकटतो, तो वैतागतो आणि पाणी मागतो. विदर्भातील कोरड्या हवेत, तेही ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात, घाम येतो त्या क्षणीच वाळून जातो. सदरा कोरडा आणि कपाळ कोरडे राहते. आपल्याला घाम येतच नाही, असे स्वार समजतो, आणि बुटीबोरी येईपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाही. कोकणातील उकाडा माणसास छळतो खरा, परंतु तो आधी सांगून छळतो. विदर्भातील ऊन तेवढेही सौजन्य दाखवीत नाही.

यावरून पोशाखाचे उत्तर आपोआप निघते. अंग उघडे टाकून वारा घेण्याऐवजी अंग झाकून तो अडवावयाचा असतो. पूर्ण बाह्यांचा, सैल, फिकट रंगाचा सुती सदरा. डोक्यास, कानांस व मानेस गुंडाळलेला ओला दुपट्टा. आणि त्यावर हेल्मेट. ऊन लागते म्हणून हेल्मेट घालीत नाही, असे सांगणारे लोक भेटतात. तापलेला वारा चेहऱ्यावर व डोक्यावर थेट घेण्याचा हट्ट त्यांनी का धरावा, हे मला आजवर उमगलेले नाही. आतला बनियन निघताना ओला करून वर सदरा घातला, तर तो हळूहळू वाळतो, आणि तेवढा वेळ माणसाचीच छागल होते. खिशात कांदा ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. कांदा जेवणात घ्यावा, तो चांगलाच. परंतु खिशातून तो शरीराची उष्णता कशी काय ओढून घेणार? त्या खिशात मिठा-साखरेची पुडी ठेविली, तर ती पाणपोईवर पाण्यात घालता येईल. घरून निघताना पन्हे किंवा ताक पिऊन निघणे हे तर आपल्या आज्यांना केव्हापासून ठाऊक आहे.

गाडीविषयी एकच सांगतो. टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. दुपारी तापल्यामुळे तिचा दाब वाढलेला दिसतो, म्हणून ती सोडून देऊ नये. संध्याकाळी टायर निवला की हवा कमी पडते.

भर दुपारी निघूच नये, हा सल्ला सर्वांत सोपा. पण तो सर्वांस परवडत नाही. घरोघर जेवणाचे डबे व पार्सले पोहोचविणारी मुले नेमकी दुपारीच रस्त्यावर असतात, कारण त्यांचे गिऱ्हाईक त्याच वेळी घराबाहेर पडावयास तयार नसते. असा कोणी दारात आला, तर पार्सल घेण्यापूर्वी त्याला पाणी विचारावे. चौकातील लाल दिव्यापाशी गाडी थांबते तेव्हा तर त्याचा वाराही जातो आणि इंजिनाची सगळी धग मांड्यांना लागते. या कारणाने नागपुरात आणि इतर काही शहरांत चौकांवर उन्हाळ्यात हिरव्या जाळीचे छत बांधू लागले आहेत. ते अगदी योग्य आहे.

तुमच्यापैकी कोणाचेही वय मोटारसायकल चालविण्याचे नाही. तिचा परवाना १८ वर्षांनंतर मिळतो. परंतु वडिलांच्या किंवा काकांच्या मागे तुम्ही बसत असाल, आणि म्हणून पुढील गोष्ट विशेषकरून तुमच्यासाठी आहे. उष्णता वाढली, की माणसाची विचारशक्ती लवकर मंदावते, आणि ती मंदावली आहे हे त्याचे त्याला कळत नाही. मागे बसलेल्यास ते कळू शकते. गाडी विनाकारण इकडेतिकडे झुकू लागते, वेग उगाच कमीजास्त होतो, वळण चुकते. अशा वेळी एखादा साधा प्रश्न विचारावा: "बाबा, पुढचे गाव कोणते?" उत्तर असंबद्ध आले, किंवा आलेच नाही, तर सावली पाहून गाडी थांबविण्याचा हट्ट धरावा. रागावले तरी धरावा.

डोके दुखणे, मळमळणे, पायांत गोळे येणे ही प्रारंभीची लक्षणे होत. सावलीत बसून, अंग ओले करून, थोडे थोडे पाणी घेतले म्हणजे बहुधा उतार पडतो. माणूस बरळू लागला, त्याचे अंग भाजल्यासारखे तापले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात होय, आणि तेथे क्षणाचाही विलंब चालत नाही. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत हेल्मेट व जाड कपडे काढून त्यास सावलीत निजवावे, सर्वांगावर पाणी ओतावे आणि वहीने, दुपट्ट्याने, हाती येईल त्याने वारा घालावा. आता अंग ओले आहे, तेव्हा हा वारा त्याला निववील. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात मात्र पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.