प्रशिक्षकाचे निदान : चंद्रकांत पंडित यांची कारकीर्द

बालाघाटच्या मराठी माणसाची क्रिकेटनिष्ठा दुहेरी असते. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती, त्यामुळे गोंदियापलीकडचा विदर्भ आजही सोयरा वाटतो. आणि मध्यप्रदेश तर आपले घरच. या दोन्ही संघांना पहिले रणजी विजेतेपद लाभले ते एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली. नवोदित डॉक्टरांना शिकविण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे. त्या दृष्टीने पंडितांच्या कारकिर्दीतील तीन गोष्टी मला अभ्यासनीय वाटतात.

पहिली, अनुभवाचे पचन. १९६१ साली जन्मलेले पंडित हे आचरेकर सरांचे शिष्य. यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून ते ५ कसोटी व ३६ एकदिवसीय सामने खेळले. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात ते मध्यप्रदेशाचे कर्णधार होते. पहिल्या डावात आघाडी मिळूनही बंगळुरात कर्नाटकाकडून ९६ धावांनी हार पत्करावी लागली.

दुसरी, प्रकृती पाहून उपचार. मुंबईला त्यांनी २००२-०३, २००३-०४ व २०१५-१६ मध्ये करंडक मिळवून दिला. पण मुंबईला जिंकण्याची सवयच होती. विदर्भाला ती मुळीच नव्हती. त्याच विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ असा सलग दोनदा करंडक जिंकला.

तिसरी, धीर. जून २०२२ मध्ये, त्याच बंगळुरात, मुंबईच्या ३७४ धावांना मध्यप्रदेशाने ५३६ धावांचे उत्तर दिले. यश दुबे, शुभम शर्मा व रजत पाटीदार यांनी शतके झळकाविली आणि संघ ६ गडी राखून विजयी झाला. होळकर संघाच्या १९५२-५३ मधील विजयानंतर या भूमीत करंडक प्रथमच आला.

त्यांची कडक शिस्त सर्वांनाच रुचली असे नाही. वैद्यकात तर धाकाचा अतिरेक घातकच; भ्यालेला शिष्य चूक लपवितो आणि तिची किंमत रुग्ण मोजतो. शिस्त हवी, पण चूक सांगण्याची मोकळीकही हवी.

शिक्षकाची खरी कसोटी त्याच्या माघारी लागते. पंडित सोडून गेल्यावरही २०२४-२५ मध्ये विदर्भाने पुन्हा करंडक जिंकला. आपल्या जिल्ह्यात अनुभवी हात निवृत्त होत आहेत. म्हणून ज्येष्ठ वैद्यकबंधू-भगिनींना माझी विनंती आहे : बाह्यरुग्ण कक्षात एका तरुणाला शेजारी बसवा, आधी त्याला निदान लिहू द्या, मग आपले सांगा. आपण नसतानाही रुग्णाला योग्य उपचार मिळाला, तर तोच आपला करंडक.