क्रीडा पत्रकारितेसाठी वेगळी पदवी हवी का?

प्रश्न : बारावी झाली आहे. क्रीडा पत्रकार होण्यासाठी नेमके काय शिकावे?

उत्तर : कोणत्याही विषयात पदवी घेऊन पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी पत्रकारितेचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. द्वारकानाथ संझगिरी तर मुंबई महापालिकेत अभियंता होते. तरी मराठी क्रिकेटलेखनात त्यांनी मोठा वाचकवर्ग मिळवला.

वर्गात बातमी, मुलाखत, माध्यमकायदा शिकता येतो. खेळाचे बारकावे मात्र स्वतःच आत्मसात करावे लागतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून नेम साधण्यातला फरक ज्याला कळतो, तोच वार्ताहर ते यश वाचकाला उलगडून सांगू शकतो.

सुरुवात गावातल्या कबड्डी स्पर्धेपासून करावी. सामना पाहून त्याच रात्री तीनशे शब्दांचा वृत्तान्त लिहावा आणि स्थानिक दैनिकाकडे पाठवावा.