हेवी संगीतासाठी बेस गिटार निवडताना : थोडं भौतिकशास्त्र, थोडा हिशेब



मागच्या आठवड्यात तास संपल्यावर बारावीतला एक मुलगा टेबलापाशी घुटमळत उभा राहिला. दोन सुट्ट्यांत काम करून त्यानं वीस हजार रुपये साठवले होते. म्हणाला, "सर, मला मेटल वाजवायचंय. पाच तारांची बेस घ्यावी लागेल ना? चार तारांवर सूर तेवढा खाली जात नाही म्हणतात."

मी त्याला म्हटलं, थांब, आधी खाली बस. कारण कॉलेजात असताना मी स्वतः नेमकी हीच चूक केली होती. जुनी, पाच तारांची, काळीकुट्ट आणि टोकदार शिंगांची बेस घेतली. पाचवी तार छेडली की सूर कमी आणि फडफड जास्त. दोन वर्षं मला वाटत होतं की माझ्याच हाताला वळण नाही. तसं नव्हतं. ते का, हे समजायला बारावीचं पुस्तकच उघडावं लागतं. म्हणून आजचा पाठ.

तार ढिली का पडते?

ताणलेल्या तारेचे नियम तुम्ही सोनोमीटरवर पाहिले आहेत. तारेची वारंवारता तीन गोष्टींवर ठरते : लांबी, ताण आणि रेषीय घनता (म्हणजे एकक लांबीचे वस्तुमान). समीकरण उलटवून लिहिलं तर ताण हा वारंवारतेच्या वर्गाच्या समप्रमाणात येतो. हा 'वर्ग' शब्द महत्त्वाचा. सगळा खेळ तिथेच आहे.

बेसची सर्वात जाड तार साधारणपणे ई या सुरात असते, ४१.२ हर्ट्झ. पाच तारांच्या बेसवर तिच्याही खाली बी असते, ३०.९ हर्ट्झ. आता समजा, ईचीच तार तुम्ही खुंटी सोडून बीपर्यंत उतरवली. वारंवारता पाऊणपट झाली, पण ताण पाऊणाचा वर्ग, म्हणजे जवळजवळ ५६ टक्के उरला. तार हाताखाली दोरीसारखी लोंबायला लागते, पट्ट्यांवर आपटते आणि जोरात छेडली की सूर क्षणभर वर चढून मग खाली येतो. हेवी संगीतात आपण तार जोरातच छेडतो, म्हणून हा दोष तिथे जास्त टोचतो.

उपाय दोन. लांबी वाढवा, नाहीतर घनता वाढवा. बहुतेक बेसच्या तारेची मोकळी लांबी ३४ इंच असते. काही पाच तारांच्या बेस ३५ इंची असतात. त्यानं ताण किती वाढतो? फक्त ६ टक्के. फरक पडतो, पण जादू होत नाही. खरा परिणाम जाडीचा, कारण घनतासुद्धा जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढते. (गुंडाळलेल्या तारांना हे काटेकोर लागू नाही, पण अंदाजाला पुरतं.) ईची तार बहुधा १०५ ची, म्हणजे ०.१०५ इंच जाड असते. बीला १३० ची लावली तर ताण ईच्या साधारण ८६ टक्के मिळतो आणि वाजवता येतं. माझ्या त्या जुन्या बेसवर विकणाऱ्यानं १२० ची तार चढवून दिली होती. ताण ७३ टक्के! हात बिचारा काय करणार?

मग पाचवी तार नकोच का?

तुम्ही वाजवणार काय, यावर ते आहे. मला वाजवायची होती आयर्न मेडनची गाणी. त्यांचा स्टीव्ह हॅरिस आयुष्यभर चार तारांची फेंडर प्रिसिजन वाजवत आला, तीही बोटांनी आणि सपाट गुंडाळीच्या तारांवर. २००८ च्या फेब्रुवारीत तो बँड मुंबईत वाजवून गेला, तेव्हाही त्याच्या गळ्यात तारा चारच. माझी पाचवी तार तोवर नुसता अंगठा टेकवायच्या कामी आली होती.

त्याहून मागे जाऊ. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली होती. तारा सैल केल्या की बोटांवरचा भार हलका होतो. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बममधल्या काही गाण्यांत त्यानं सूर तीन अर्धस्वर खाली उतरवला आणि बेसवादक गीझर बटलरही त्याच्यासोबत खाली गेला. आज ज्याला आपण 'हेवी' म्हणतो, त्याचा बराचसा पाया चार तारांवरच घातला गेला आहे.

अगदी बीपर्यंत जायचंच असेल तरी एक स्वस्त वाट आहे. पाच तारांचा संच घ्यायचा, त्यातली बारीक तार बाजूला ठेवायची आणि जाड चार तारा साध्या बेसवर चढवायच्या : बी, ई, ए, डी. फक्त दांडीच्या टोकाशी जी खाचांची पट्टी असते, तिच्या खाचा कारागिराकडून रुंद करून घ्याव्या लागतात. ते काम घरी कानस घेऊन करू नका. खाच एकदा खोल गेली की परत भरणं अवघड.

पिकअप आणि बॅटरी

हेवी संगीतात दोन विकृत गिटारी एका बाजूला गुरगुरत असतात. त्यातून बेस ऐकू यायची तर नुसता खर्ज पुरत नाही, मधल्या पट्टीतला खरखरीत आवाज लागतो. दोन तुकड्यांचा प्रिसिजन पद्धतीचा पिकअप (फेंडरनं तो १९५७ साली आणला) हे काम चांगलं करतो. शिवाय त्याचे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असल्यामुळे विजेची गुणगुण आपोआप कटते. आपल्याकडच्या घरांतल्या वायरिंगचा विचार करता हा मुद्दा लहान नाही.

'ॲक्टिव्ह' लिहिलेली बेस जास्त ताकदीची असते, हा गैरसमज. तिच्यात ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं छोटं सर्किट असतं, एवढंच. केबल लावून ठेवली तर बॅटरी उतरत राहते. स्वस्त बेसमध्ये मी तरी साधी, बॅटरी नसलेलीच घ्या म्हणेन.

वीस हजारांचा हिशेब

माझं मत, सगळे पैसे वाद्यावर घालू नका. दोन तृतीयांश वाद्याला ठेवा. उरलेल्यात नवा तारांचा संच, कारागिराची मजुरी, पट्टा, केबल आणि ऐकायची सोय. यामाहाच्या टीआरबीएक्स १७४ सारखी साधी चार तारांची, प्रिसिजन आणि जॅझ असे दोन्ही पिकअप असलेली बेस जुन्यात मिळाली तर माझ्या त्या शिंगवाल्या बेसपेक्षा कितीतरी चांगली.

वाद्यासोबत पाकिटात येणारा इवलासा ॲम्प मात्र टाळा. त्याचा स्पीकर ४१ हर्ट्झ नीट काढूच शकत नाही. तुम्हाला वरचे अधिस्वर ऐकू येतात आणि खालचा मूळ सूर मेंदू स्वतः भरून घेतो! त्यापेक्षा घरी लॅपटॉप असेल तर साधा ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन बरे. शेजारीही शांत.

जुनी बेस पाहायला जाल तेव्हा रंगाआधी दांडी पाहा. बेस डोळ्यासमोर धरून तळाकडून टोकाकडे नजर टाका. किंचित बाक चालतो, कारण आतला सळईचा स्क्रू फिरवून तो सुधारता येतो. पण पीळ पडला असेल तर सरळ परत ठेवा. मग बाराव्या पट्टीवर सूर तपासा. तिथे तारेची लांबी निम्मी, म्हणून सूर बरोबर एक सप्तक वर यायला हवा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या पट्टीदरम्यान एखादा सूर पटकन विझतो का, तेही ऐका. बटणं फिरवताना खरखर झाली तर घाबरू नका, तो दोष स्वस्तात जातो. तो दाखवून किंमत कमी करून मागा.

आणि थोडी धातूची कडकड ऐकू आली तर लगेच नाक मुरडू नका. तंबोऱ्याला आपण मुद्दाम जवारी लावतो, तसंच मेटलमध्ये ही कडकड थोडी हवीच असते. सूर दबून मरत नाही ना, एवढं बघा.

घरी करायची कृती

तुमच्या बँडनं सगळा सूर सीपर्यंत, म्हणजे ३२.७ हर्ट्झवर उतरवला. १०५ ची ई तार तशीच ठेवली तर ताण किती टक्के उरेल? आणि ताण पूर्वीइतकाच हवा असेल तर तार किती जाडीची घ्यावी लागेल? पहिलं उत्तर ६३ टक्के, दुसरं सुमारे १३२, म्हणजे बाजारात मिळणारी १३० ची. पायऱ्या वहीत लिहून आणा. त्या मुलानं त्या आकडेमोडीचा कागद घडी करून खिशात घातला आणि शनिवारी तोच घेऊन बेस बघायला जाणार आहे.